जेवणवेळ

भूगोलाचे प्राध्यापक अनेकांत मगदूम आणि ते घुबड यांच्या जेवणाच्या वेळा जुळत नव्हत्या, एवढीच काय ती अडचण होती. घुबड आखूड कानांचं, थंडीत पार हिमालयापलीकडून येणारं. दिवसभर कळंब्याच्या तळ्यापुढच्या माळावर गवतात झोपायचं आणि सूर्य टेकला की शिकारीला उठायचं. मगदुमांच्या जैन घरात सूर्य टेकायच्या आत ताटं घासून पालथी पडायची. कॉलेज सुटल्यावर घरी येऊन, जेवून माळ गाठेपर्यंत अंधार. असे तीन हिवाळे गेले.

यंदाही ऊन तापू लागलं. आता पाखरू परत जाणार. एक दिवस उपाशी राहतो, असं अनेकांतांनी आईला सांगून पाहिलं.

"सूर्य बुडाल्यावर जेवणाऱ्या पाखरासाठी तू उपाशी ऱ्हाणार व्हय रं?" आक्काताई म्हणाल्या.

शेवटी डबा माळावर न्यायचं ठरलं. लेक वेळेत जेवतो का, हे बघायला आक्काताईही निघाल्या. सोबत सतरंजी, तांब्या आणि सहा माणसांच्या भाकऱ्या.

रस्त्याकडेला कुणी जेवत बसलं आणि कोल्हापूरचा माणूस सरळ पुढं गेला, असं होत नाही. म्हशी घेऊन चाललेला जोतीराम गाडी बंद पडली का विचारायला आला आणि आक्काताईंच्या आग्रहाने आमटी घेऊन बसला. अनेकांतांची दुर्बीण रिकाम्या माळाकडे लागलेली पाहून तो समजायचं ते समजला. रिकाम्या जमिनीकडे माणूस इतक्या प्रेमाने एकाच कारणासाठी बघतो.

"प्लॉट पाडतायसा काय, पावणं?"

"नाही हो, घुबड बघतोय."

जोतीराम समजूतदारपणे हसला. जमिनीचा व्यवहार कुणी उघड सांगत नसतं. "सांगू नका. पर सयाजी उन्हाळ्यात माळ इकणारच हाय की."

अनेकांतांचा घास हातातच राहिला. माळ गेला तर पुढच्या वर्षी घुबड उतरणार कुठे?

जोतीरामने मालकाला, म्हणजे सयाजीला, फोन लावला. तो येईपर्यंत जमिनीचे दोन दलाल मोटरसायकल थांबवून सतरंजीवर टेकले होते आणि चटणीचं कौतुक करत रस्ता कुठून निघणार ते विचारत होते. अनेकांतांनी हळू बोलायची विनंती केली. सगळे कुजबुजू लागले, त्यामुळे संशय पक्का झाला.

मला न विचारता मोजणी कुणाची चाललीय, असं ओरडत सयाजी सरळ गवतातून आला. तिकडून येऊ नका, असं सांगायला अनेकांतांनी तोंड उघडलं. सूर्य टेकत आला होता. आक्काताईंनी त्या उघड्या तोंडात शेवटचा घास कोंबला.

सयाजीच्या पायाजवळचं गवतच जणू उठलं. तपकिरी ठिपक्यांचे लांब पंख, पिवळे डोळे, आवाज अजिबात नाही. सयाजी मागच्या मागे बसला. घुबडाने एक घिरटी घातली, मला कुणी उठवलं अशा नजरेने सगळ्यांकडे पाहिलं आणि अनेकांतांच्या डोक्यावरून तळ्याच्या दिशेने गेलं. दुर्बिणीची गरजच पडली नाही. अनेकांत घास चावायचं विसरले.

"ह्ये बघायला आलतासा?" सयाजीने गवतात बसूनच विचारलं.

अनेकांतांनी घास गिळला. "हिमालयाच्या पलीकडून येतं. दरवर्षी. तुमच्या माळावर."

सयाजी उठला. त्याने पँट झटकली आणि आपल्याच माळाकडे जरा वेळ पाहिलं. मग दलालांकडे वळला.

"हिमालयापलीकडनं गिऱ्हाईक येतंय म्हंजे जमिनीत कायतरी हाय. एवढ्यात इकायची न्हाय."