दत्तोपंतांना झोप लागते

"पंधरा दिवसांत झोपून दाखवतो!" दत्तोपंतांनी बायकोला, भानुमतीबाईंना, छातीठोकपणे सांगितलं. निवृत्त झाल्यापासून तीन वर्षं त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. कचेरीत मात्र तीस वर्षं ही अडचण कधी आली नव्हती!

डॉक्टरांनी नियम दिले. चारनंतर चहा बंद, मोबाइल कपाटात, कानात कापूस आणि निजताना कोमट पाण्यात पाय.

"पाय बुडवायला पाणी?" भानुमतीबाई कडाडल्या. "आठ दिवसांनी नळ येतो, अन् तुम्ही त्यात पाय सोडून बसणार! तांब्याभर देईन. एकेक बोट बुडवा!"

दुष्काळाचं वर्ष. शहर चहूकडं वाढत होतं, वसाहतींना झकास नावं मिळत होती, पाणी तेवढं मिळत नव्हतं. आठव्या दिवशी, रात्री कधीतरी, तासभर नळ येई. जागे एकटे दत्तोपंत! नळ फुसफुसला की ते गल्लीत उतरून ताट बडवीत, मग घरोघर मोटारी सुरू होत. त्यांच्या भरवशावर गल्ली खुशाल घोरत पडे.

नियमांचा बारावा दिवस नेमका पाण्याचा निघाला. दत्तोपंत दहाला पडले, ते थेट सातला उठले! काय तो आनंद! कानातला कापूस काढत अंगणात आले, तर फाटकाशी अख्खी गल्ली रिकाम्या बादल्या घेऊन उभी.

सिल्लोडकडून येऊन शेजारी घर बांधलेला बिभीषण पुढं झाला. "काका, तब्येत बरी नव्हती व्हय?"

"छे! अशी झकास झोप लागली म्हणून सांगू!"

"अन् आमचं पाणी? पलीकडच्या गल्लीवाले म्हणत्यात, तीनला येऊन गेलं! आता आठ दिस काय करायचं?"

"अरे, गजर लावायचा!"

"तुमी असताना गजर कशाला? लई भरवसा होता, काका!"

मागं भानुमतीबाई उभ्या होत्या. त्यांचाही हंडा रिकामाच. रात्रभर शांत झोपल्याबद्दल दत्तोपंतांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गल्लीनं तिथंच ठरवलं, पाण्याच्या रात्री काकांना घरोघरून कडक चहा! पुढच्या खेपेला दत्तोपंतांनी सात कप रिचवले आणि खुर्चीतच आडवे झाले. एकदा लागलेली झोप काही हटेना.

गल्लीचं मात्र काही अडलं नाही. हल्ली ताट भानुमतीबाई बडवतात. त्यांना रात्रभर झोपच येत नाही. दत्तोपंत इतके घोरतात!