मामांनी लावलेले दिवे

मामा दात बसवून घ्यायला आले होते. दात बसले, आणि दातांबरोबर मामाही बसले.

मामा म्हणजे घड्याळजीचे मामा. घड्याळजी दिवसभर डोळ्याला भिंग लावून खिडकीशी बसायचा आणि लोकांची बिघडलेली वेळ दुरुस्त करायचा. स्वभावाने इतका मऊ की "मामा, जाणार कधी?" हा साधा प्रश्न रोज त्याच्या ओठांपर्यंत यायचा आणि चहाच्या घोटाबरोबर परत पोटात जायचा. त्याची बायको छापखान्यात मुद्रितं तपासायची. सगळी बिल्डिंग तिला वहिनी म्हणायची. दुसऱ्याच्या मजकुरातला चुकीचा ऱ्हस्व तिला चपलेतल्या खड्यासारखा टोचायचा. मग बाहेरच्या खोलीत कॉटवर पाय पसरून पडलेली ही एवढी मोठी चूक तिला किती टोचत असेल!

त्यातच एक दिवस मामांनी घरात दिवे लावले. म्हणजे अगदी खरोखरचे लावले. सकाळी फिरायला गेले ते पिशवीभर सीएफएलचे पांढरे दिवे घेऊन आले आणि घरातले जुने पिवळे बल्ब भराभरा काढत सुटले.

"हे काय बल्ब आहेत? शेगड्या आहेत शेगड्या! उजेड कमी, ऊब जास्त. आता बघ सूनबाई, कसा लख्ख उजेड पडतो ते."

संध्याकाळी बटण दाबलं, तर उजेड पडायच्या ऐवजी नुसतं उजाडायला लागलं.

"अहो मामा, हे तर मिणमिणतंय."

"जरा दम धर. त्याला तापायला वेळ लागतो. आणि सारखं बंद-चालू करायचं नाही हं, आयुष्य कमी होतं त्याचं."

"आणि आमचं?" वहिनी पुटपुटली, पण मामांचं लक्ष बटणावर होतं.

त्या दिवसापासून मामांनी घरातल्या सगळ्या बटणांचा ताबा घेतला. कोणी न्हाणीघरात शिरलं की बाहेरून आवाज यायचा, "लगेच काही करू नका! दिव्याला वर येऊ द्या!" एकदा घड्याळजीने ऐकलं नाही. उजेड पुरता वर आला तेव्हा तो मामांच्या दाढीच्या क्रीमने दात घासत होता. बरं, उजेड वर आला की सगळ्यांचे चेहरे आठवडाभर तापाने पडून उठल्यासारखे पांढरेफटक दिसायचे. मामा वहिनीकडे बघून हळहळले.

"सूनबाई, फार अशक्त दिसतेस गं. अशा वेळी घरात मोठं माणूस हवं. राहतो मी आणखी थोडे दिवस."

वहिनीचा पारा चढला, पण तोंडावर हसू ठेवणं भाग होतं.

रविवारी संध्याकाळी ती स्टुलावर चढून मामांच्या कॉटवरचा दिवा पुसत होती. मामा खालून लोळत लोळत सूचना देत होते.

"काच नको धरू. बूड धर, बूड. अगं, बूड म्हणतोय ना मी!"

"बूडच धरलंय!" वहिनी म्हणाली. धरली होती काच. दिवा होल्डरमधून सुटला आणि फट्‌दिशी जमिनीवर आपटला. खोलीभर काच झाली.

घड्याळजी आतून धावत आला. "लागलं का कुणाला? थांब, झाडू आणतो."

"झाडू नको," वहिनी म्हणाली. दिव्याचं पुठ्ठ्याचं खोकं तिने टाकलेलं नव्हतं. छापलेलं काहीही न वाचता टाकणं तिला जमायचं नाही. तिने ते काढलं आणि तळाचा बारीक मजकूर वाचला. दिव्यात किंचित पारा असतो. फुटल्यास खिडक्या उघडा, झाडू फिरवू नका, काही मिनिटं खोली सोडा, मग ओल्या कागदाने तुकडे टिपून घ्या.

तिच्या डोक्यात प्रकाश पडला. आणि हा प्रकाश बटण दाबल्याबरोबर पडला, त्याला तापावं लागलं नाही.

"मामा, चष्मा कुठे आहे तुमचा?"

"उशीखाली असेल. का?"

"राहू दे, मीच वाचते. यात पारा असतो, मामा. विषारी. दिवा फुटला तर, ऐका हं, 'काही दिवस खोली सोडा.'"

आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या बाईने त्या दिवशी पहिल्यांदा छापील मजकुरात मुद्दाम चूक घातली. तिचे कान गरम झाले. पण समोर मामांची बॅग दिसत होती, आणि बॅगेच्या पुढे मामांचं गाव.

"काही दिवस?" मामा उठून बसले.

"तसंच छापलंय. आता काय करणार? तुमच्या जिवाशी खेळ नको. हे रिक्षा बघतील. रात्रीची गाडी मिळेल अजून."

मामा कॉटवरून उतरले. पण बॅगेकडे गेले नाहीत. त्यांनी टॉवेल ओला केला, नाकातोंडाला बांधला आणि छाती पुढे काढली. नोकरीभर ते अग्निशमन दलात होते. कोठारात बसून बूट आणि हेल्मेटं वाटायचं काम. आग अशी त्यांनी पाहिली ती लांबूनच. पण अंगात भिनलेला गणवेश आज फडफडून जागा झाला.

"कोणी घाबरायचं नाही!" टॉवेलातून आवाज आला. "घरचे आधी बाहेर. हा आमचा नियम. चला, निघा!"

"अहो, पण मामा, तुम्ही..."

"माझी काळजी करू नकोस. म्हातारा झालो, मला काय धाड भरलीय! तुमचं अजून सगळं व्हायचंय. चल रे, हो बाहेर!"

घड्याळजी एका हातात उघडं घड्याळ आणि एका पायात चप्पल अशा अवस्थेत जिन्यात आला. मागोमाग वहिनी. मागोमाग दोघांचे कपडे. मग दार बंद झालं आणि आतून फटींना चिकटपट्टी लावल्याचा आवाज यायला लागला.

गडबड ऐकून शेजारच्या काकू बाहेर आल्या. "काय झालं गं, वहिनी?"

वहिनीने तोंड उघडायच्या आत मामा दाराआडून गरजले, "विषारी पारा! सूनबाईने स्वतः वाचलंय, छापील आहे! कोणी आत यायचं नाही!"

झालं. आता 'मी खोटं वाचलं' हे कबूल करायचं, तर ते जिन्यात जमलेल्या सगळ्या बिल्डिंगसमोर. वहिनी जिन्यातले कपडे गोळा करायला लागली. काकूंनी तिचा हात धरला. "चल आमच्याकडे. संकटात शेजारी नाही तर कोण?"

पहिल्या दिवशी काकूंनी हौसेने गाद्या घातल्या. दुसऱ्या दिवशी काकांचं शब्दकोडं अर्धवट पडलेलं दिसलं आणि वहिनीला राहवेना. काका आंघोळ करून आले तोवर कोडं सुटलं होतं. काका दिवसभर कोणाशी बोलले नाहीत. मग काकू म्हणायला लागल्या, "मला भावाकडे जायचं होतं गं, पण आता तुम्ही आहात ना." मग नुसतंच, "तुम्ही आहात ना." वहिनीला हा सूर चांगला ओळखीचा होता. इतके दिवस ती तो मनातल्या मनात लावत होती.

इकडे भिंतीपलीकडून मामांचं गाणं ऐकू यायचं. नळ सुटल्याचा, भांड्यांचा, चरचरीत फोडणीचा आवाज यायचा. शेवटी वहिनीने दार ठोठावलं.

"मामा, आता गेला असेल पारा. खिडक्या उघड्याच होत्या ना?"

"घाई नडते, सूनबाई. छापलंय 'काही दिवस', तर काही दिवस. मी आहे ना, घराकडे बघतोय."

घड्याळजीने जिन्यातच तिच्याकडे पाहिलं. "नक्की तसंच छापलंय का गं?"

"खोकं मामांकडेच राहिलंय," वहिनी म्हणाली आणि नखं बघत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंच्या दाराची घंटा वाजली. दारात मामी. बरोबर दोन बॅगा, वळकटी आणि पाण्याची बाटली.

"अगंबाई, सूनबाई! तू इथे होय? मला वाटलं, दार चुकलं."

"मामी, तुम्ही? आत जाऊ नका हं! घरात पारा..."

"कसला पारा? यांनी फोन केला ना. म्हणाले, चष्मा लावून खोकं वाचलं, तर छापलंय 'काही मिनिटं'! तेव्हा मला कळलं, सूनबाईचं मन केवढं मोठं आहे! आम्हा दोघांना निवांत राहायला मिळावं म्हणून स्वतः शेजारी जाऊन राहिली. वर कारण काय काढलं, तर दिवा फुटला! सरळ म्हणाली असती तर मला संकोच वाटला असता ना." मामींनी पदराने डोळे टिपले. "अशी माणसं राहिलीत कुठे गं?"

घड्याळजीने सावकाश बायकोकडे पाहिलं. वहिनी तेवढ्यात मामींची बॅग उचलायला वाकली होती. ती पुढे, मागे मामी, मागे वळकटी घेतलेला घड्याळजी अशी वरात शेजारच्या दारापाशी आली. वहिनीने स्वतःच्या घराची बेल दाबली.

दार लगेच उघडलं. मामांच्या नाकाला टॉवेल नव्हता. अंगात घड्याळजीचा धुतलेला सदरा होता आणि चेहऱ्यावर यजमानाचं प्रसन्न हसू.

"या, या, सूनबाई!" मामा बाजूला होत म्हणाले. "अशी दारात काय उभी? आत ये. आपलंच घर समज!"