बाळासोच्या जहाजापेक्षा मोठं

"बाळासो अकरा मजल्यांच्या जहाजात बसला काय? आपण बारा मजल्यांच्यात बसू!"

वडगाव रासाईच्या चौकात, चहाचा ग्लास टेबलावर आपटून जयसिंगने जाहीर केलं. चहा सांडला तो शेजारच्या म्हाताऱ्याच्या धोतरावर. पण अशा ऐतिहासिक क्षणी धोतराकडे कोण बघतो!

बाळासो म्हणजे जयसिंगचा चुलतभाऊ, चार महिन्यांनी मोठा. भांडणाला सुरुवात तिथूनच झाली होती. जन्माला येण्यातसुद्धा या माणसाने पहिला नंबर लावला! पुढे बाळासोने विहिरीवर मोटर बसवली की जयसिंग बोअर घ्यायचा. बाळासोने गाडी घेतली, तर जयसिंगने तीच गाडी घेतली, वर उघडणाऱ्या छताची. मग ऊन लागतं म्हणून वर्षभर छत बंद ठेवून फिरला. आतापर्यंत हिशोब असा बरोबरीत चालला होता. पण जहाजाला उत्तर बोअरने देता येत नाही!

बाळासो बायकोला घेऊन मुंबई-गोवा-मुंबई असा जहाजाने जाऊन आला होता. आल्या आल्या मित्रमंडळाने वेशीजवळ फ्लेक्स लावला. डोक्यावर हॅट, डोळ्यांवर गॉगल, मागे निळंशार पाणी आणि खाली 'दर्याचा राजा'! जयसिंग रोज सकाळी डेअरीला दूध घालायला त्याच फ्लेक्सखालून जायचा आणि रोज त्याच्या पोटात दुखायचं. घास गोड लागेना. झोपेत तो म्हणे दात खायचा.

शेवटी त्याने स्वतःचा फ्लेक्स लावला. बाळासोच्या दुप्पट. 'समुद्रसफरीस हार्दिक शुभेच्छा!' बाळासोने जाऊन आल्यावर लावला होता, याने जाण्याआधीच लावला. तिकीट काय, नंतरही काढता येतं!

यात खरी हरखली ती त्याची बायको सुलक्षणा. लग्न झाल्यापासून ती समुद्र बघायचा म्हणत होती आणि जयसिंगचं उत्तर ठरलेलं होतं: "दारात भीमा वाहतीया. तिला पाणी कमी हाय का?" आता नवरा स्वतःहून समुद्राचं नाव काढतोय म्हटल्यावर तिने येमाईला नारळ बोलला आणि बॅग भरायला घेतली.

"कशाच्या का निमित्तानं व्हईना," ती म्हणाली, "पर पावसाळ्याच्या आत न्या. मागनं तुमचं काय खरं न्हाई."

शिरूरला नीलम नावाच्या मुलीचं प्रवासाचं ऑफिस होतं. जयसिंग तिथे जाऊन असा बसला, जसा कुठल्या कारखान्याला ऊस घालायचा ते ठरवायला आलाय.

"काका, तीन कंपन्या बघू," नीलम म्हणाली. "पहिलीचं जहाज मुंबईहून सुटतं आणि लक्षद्वीपला जातं. पासपोर्टची भानगड नाही. दुसरीचं सिंगापूरहून. जहाज मोठं, पण टिप आणि सरबतंबिरबतं वेगळी. तिसरीचं दुबईहून. खोल्या ऐसपैस, वरच्या मजल्यावर पाण्याच्या घसरगुंड्या. तुम्हाला नेमकं काय हवंय? आराम, खाणंपिणं की फिरणं?"

"बाळासोला मिळालं न्हाई ते."

"बाळासो कोण?"

"ते जाऊ दे. त्याच्या जहाजात घसरगुंडी व्हती का?"

"मला कसं माहीत असणार, काका?"

बरोबर होतं पोरीचं. ज्याच्यावर मात करायची त्याचं जहाज आधी आतून-बाहेरून कळायला हवं. आणि ते सांगणार कोण? बाळासोच! दुसरा इलाज नव्हता. ज्याच्या नावाने रात्री दात खायचे, त्यालाच जयसिंगने रविवारी मटण खायला बोलावलं.

बाळासो आला, मांडी ठोकून बसला, रस्सा भुरकला आणि मोकळा झाला.

"घसरगुंडी? एक व्हय? चार हुत्या!"

"चार?" जयसिंगच्या घशात हाडूक अडकलं. "आन् मजले अकराच ना?"

"अकरा पाण्याच्या वर. खालचे कोण मोजतंय!"

पुढच्या रविवारी पुन्हा मटण. या वेळी जहाजावर पोहायला तळं आलं, भीमेच्या बंधाऱ्याएवढं. कॅप्टन स्वतःच्या हाताने बाळासोला वाढायचा आणि "अजून एक घ्या, पाहुणं" असा आग्रह करायचा. तिसऱ्या रविवारी सुलक्षणाने नुसती अंडी केली, तर जहाज थोडं लहान झालं. ते बघून जयसिंगने घाईघाईने कोंबडं कापायला लावलं. मग मात्र बाळासोने डोळे मिटले आणि म्हणाला,

"सगळ्यात वरच्या मजल्यावर काय हुतं सांगू? नारळाची बाग! ठिबकवर!"

जयसिंगचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी पहिल्या गाडीने तो शिरूरला हजर.

"काका," नीलमने कपाळाला हात लावला, "ठिबकवर नारळाची बाग असलेलं जहाज जगातल्या एकाही कंपनीकडे नाही."

"म्हंजी बाळासोचं जहाज जगात एक नंबर?" जयसिंग खुर्चीतून अर्धा उठला.

"काका, बाळासो राहू द्या. मुंबईहून या मोसमातलं शेवटचं जहाज पुढच्या आठवड्यात सुटतंय, मग पावसाळ्यात बंद. बाल्कनीची एकच खोली उरलीय. काकूंना समुद्र दाखवायचाय ना? खोलीतून दिसेल. घेऊ?"

"थांब. एकदा इचारून येतो, त्याला बाल्कनी व्हती का."

"काका!"

पण काका निघाले होते, वाटेत अर्धा किलो मटण घ्यायचं ठरवून!

गावात तर आता चेष्टाच सुरू झाली होती. "जयसिंगआप्पा, हितंच अजून? जहाज पंक्चर झालं काय?" उन्हाने त्याच्या फ्लेक्सवरचा समुद्र पार ताकासारखा पांढरा पडला होता. घरात सुलक्षणाने भरलेल्या बॅगेतून एकेक साडी काढून परत कपाटात ठेवायला सुरुवात केली. बोलली काहीच नाही. बायको बोलत नाही म्हणजे पटलंय, असा जयसिंगने आपला समज करून घेतला.

बाळासोने बाल्कनीबद्दल सांगितलं ते असं: "एक न्हवं, दोन. एक सकाळच्या उन्हाला, एक संध्याकाळच्या." हे ऐकून जयसिंग खचला, पण हटला नाही. एक तर एक! वेशीत रोज बोलणी खाण्यापेक्षा बरी. तो धापा टाकत शिरूरला पोचला.

"गेली," नीलम म्हणाली.

"काय गेली?"

"खोली. कालच बुक झाली. तुमच्याच गावची माणसं आहेत. आडनावही तुमचंच."

जयसिंगच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. बाळासो! माझं मटण खाल्लं, माझ्याकडून बाल्कनीची बातमी काढून घेतली आणि मलाच आडवा गेला! त्याने गाडी काढली ती थेट बाळासोच्या दारात थांबवली. बाळासो स्वयंपाकघरात एकटाच होता. दूध उतू गेलं होतं आणि तो ते सदऱ्याने पुसत होता.

"तूच घेतलीस ना ती खोली?" जयसिंग दारातूनच ओरडला.

"कसली खोली?"

"जहाजाची! परत निघालास ना?"

"मी? परत जहाजात?" बाळासोचा चेहराच उतरला. "मेलो तरी न्हाई!"

बोलू नये ते बोलून गेल्याचं बाळासोच्या लक्षात आलं.

"का रं?" जयसिंगने डोळे बारीक केले. "आन् ती नारळाची बाग?"

"कसली बाग घेऊन बसलास!" बाळासो पाटावर मटकन बसला. "जहाज हाललं आन् माझ्या पोटातलं सगळं वर आलं. जाताना आडवा, येताना आडवा. हॅट घालून फोटो काढला तो सुटायच्या आधी. तुझी वहिनी बिचारी बादली धरून उशाला बसली. तिनं बी समुद्र धड बघितला न्हाई."

"मंग इतकं दिवस काय सांगत हुतास?"

"तू मटण वाढत हुतास, जयसिंग! मटण खाता खाता ओकाऱ्या सांगू व्हय?"

जयसिंगच्या काळजात असा गारवा पसरला की विचारू नका. एवढा आनंद त्याला स्वतःच्या वरातीतही झाला नव्हता! बाळासो ओकला! जाताना ओकला आणि येतानाही ओकला! त्याला तिथल्या तिथे फुगडी घालावीशी वाटली. मग एकदम डोक्यात आलं, तर मग खोली घेतली कुणी?

तेवढ्यात अंगणात रिक्षा थांबली. सुलक्षणा आणि बाळासोची म्हाळसा, दोघी जावा पिशव्या घेऊन उतरल्या. दोघींच्या डोळ्यांवर एकसारखे गॉगल होते.

"आम्ही घेतली," सुलक्षणा म्हणाली. "दुधाच्या पैशातनं. मी आन् म्हाळसाताई."

"आन् मी?"

"तुमचं कुठं ठरलंय अजून?"

"अगं, तुझ्यासाठीच तर एवढी जहाजं..."

"माझ्यासाठी न्हाई." सुलक्षणाने गॉगल कपाळावर सरकवला. तिचे डोळे भरून आले होते. "मला समुद्र पाहिजे हुता. तुम्हाला निस्तं बाळासो भावजींच्या म्होरं जायचं हुतं. ऱ्हावा आता त्यांच्यासंगंच. मी चालले."

जयसिंगला फार वाईट वाटलं. सामानसुमान बांधून त्याने आणि बाळासोने दोघींना दौंड स्टेशनवर मुंबईच्या गाडीत बसवलं आणि गाडी हलल्यावर दोघे कितीतरी वेळ बाकड्यावर बसून राहिले.

पुढे दोघांचा स्वयंपाक एकाच चुलीवर सुरू झाला, कारण भात एकाला येत होता आणि आमटी दुसऱ्याला. एका संध्याकाळी ते असेच जेवत बसले असताना सुलक्षणाचा व्हिडिओ कॉल आला. पडदाभर निळं पाणी, वाऱ्याने उडणारा पदर आणि पलीकडे म्हाळसा.

"अवो, दिसतंय का? किती हाय वो हे! संपतच न्हाई!" सुलक्षणा लहान पोरीसारखी हसत होती.

जयसिंगला हेवा वाटला. या खेपेला बाळासोचा नाही. ती इतकी हसते आहे आणि आपण तिथे नाही, याचा. काहीतरी चांगलं, मनातलं बोलावं असं त्याला फार वाटलं.

"काय गं," तो म्हणाला, "बाल्कनीकडची खाट कुणाला मिळाली? तुला का वहिनीला?"

शेजारून बाळासोने हातातला घास तसाच ठेवून मान पुढे घातली. "व्हय, कुणाला?"

दोघी जावांनी एकमेकींकडे बघितलं आणि पडदा काळा झाला.

जयसिंगने फोन दोनदा झटकला, खिडकीपाशी धरून बघितला. "समुद्रात रेंज जाते," तो खालच्या आवाजात म्हणाला.

बाळासोला राहवलं नाही.

"आमच्या जहाजात कवा गेली न्हाई!"