भिकनआबांची सायडर

"थुका मास्तर, थुका! गियू नका!"

भिकनआबा बांधावरून ओरडत होते आणि माझ्या तोंडात त्यांच्या मळ्यातलं सफरचंद होतं. मी थुंकलो. तरी जीभ टाळूला अशी चिकटली, की पिंपळनेरच्या स्टँडपर्यंत कुणाला रामराम घालता आला नाही. हेच सफरचंद आबांच्या शेळीनं खाल्लं होतं. ती आठवडाभर दुधाऐवजी थेट ताक देत होती.

आजूबाजूला बठ्ठा, म्हणजे सगळा, कांदा. आबांनी मात्र मुलाच्या, महेशच्या, लग्नाची आठवण म्हणून सफरचंदाची तीन झाडं लावली, तीन जातींची. परमुलखातली रोपं एकटी घाबरतील म्हणून अगदी अंगाला अंग लावून. थंडी कमी पडते असं कुणी म्हणालं, तेव्हा बुडाशी बर्फाच्या लाद्या रचल्या. त्या हिवाळ्यात विहिरीतले बेडूक पडसं होऊन शिंकत होते, हे मी या कानांनी ऐकलं आहे.

यंदा फळं धरली आणि आबांनी जाहीर केलं, यांची सायडर करायची. सायडर म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेली दारू. आबांनी जन्मात ताडीही हुंगलेली नाही. बायको, आमच्या आक्का, गेल्या तेव्हा न बिघडलेला म्हातारा आता बिघडला, असं गावानं ठरवून टाकलं.

पण अडचण वेगळीच होती. तिन्ही झाडं एकमेकांच्या उरावर बसली होती. एक ठेवून दोन तोडायची होती. कोणतं ठेवायचं, हे सांगणार होते आबांचे व्याही. महेशनं इंग्लंडात लग्न केलं, आणि त्याचे सासरे टॉम तिकडचे पिढीजात सायडरवाले. म्हणून दर रविवारी आबा व्हिडिओ कॉल लावलेला मोबाइल फांदीला बांधून त्याच्यासमोर फळ चावत, तोंड वेडंवाकडं करत आणि थुंकत. आबांना इंग्रजी येत नाही, व्याह्यांना अहिराणी. मध्ये महेश. एका तोंडाचा निकाल खरा धरू नये म्हणून दुसरं तोंड माझं.

त्या रविवारी निकाल लागला. गोड झाड मिळमिळीत. आंबट झाड उत्तम, तेच ठेवा. तुरटाबद्दल महेश म्हणाला, "ते म्हणतात, याची सायडर पाजायला माणसाला आधी खांबाला बांधावं लागेल."

दोन दिवसांनी मळ्यात गेलो, तर गोड आणि आंबट तोडलेली आणि तुरट झाड नवं आळं करून, पाणी पिऊन ऐटीत उभं. म्हाताऱ्यानं चुकीच्या झाडावर कुऱ्हाड घातली, असं समजून मी महेशला फोन लावला. तो म्हणाला, चूक नाही झाली. सासूबाई गेल्यापासून टॉमनी रस काढायचं यंत्र झाकून ठेवलंय, कुणाशी बोलत नाहीत. त्यांना काहीतरी विचारत राहा, असं त्यानंच आबांना सांगितलं होतं. पहिल्या रविवारी टॉम नुसते भिंतीकडे बघत बसले होते. मग आबांनी तुरट फळ चावलं, त्यांच्या तोंडाचं आमसूल झालं, आणि टॉम खुर्चीतून पडेपर्यंत हसले. आता रविवारी तेच आधी फोन लावून वाट बघतात.

संध्याकाळी मी आबांना म्हटलं, "महेशनं सांगितलं सगळं. पण आबा, या झाडाची सायडर काही व्हायची नाही."

आबा आळ्याची माती सारखी करत होते. वर न बघता म्हणाले, "नही व्हई. व्याही हासस ना."