गुप्तेकाका जेवायला नेतात

मासा जिवंत आहे, काचेच्या टाकीत आपल्यासमोर शेपटी हलवत फिरतो आहे, आणि तरीही तो ताजा आहे की नाही अशी शंका घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो आमच्याच मजल्यावर राहतो. दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आमच्या समोरचा फ्लॅट, दारावर पितळी पाटी, गुप्ते. घराणं सीकेपी, त्यामुळे मासळीच्या बाबतीत या माणसाला कुणी काही शिकवायला जाऊ नये.

इथल्या खाडीच्या, म्हणजे क्रीकच्या बाजूला एक जुनं कँटनी हॉटेल आहे. तिथे डिमसमच्या वाफाळत्या बांबूच्या टोपल्या ढकलगाडीवरून टेबलापर्यंत येतात, आणि मासे, खेकडे, कोळंबी दाराशीच टाक्यांत पोहत असतात. बोट दाखवायचं, की ते तुमचं. काका आत शिरले की बसत नाहीत. थेट टाकीपुढे उभे राहतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि काचेवर टिचकी मारतात. टिचकीला जो मासा वळून बघेल तो पास. बाकीच्यांविषयी त्यांचं एकच मत असतं, "हा उदास आहे. नको."

"फिश अलाइव्ह, सर," वेंडी सांगते. ही तिथली मुख्य वेट्रेस. मूळची ग्वांगझूची, पण दुबईत राहून हिंदीत चांगली तयार झालेली.

"हबीबी, प्रश्न तो नाहीये," काका आधी मराठीत म्हणतात. हे त्यांचं पालुपद. हवामानापासून व्हिसापर्यंत कुठलाही विषय काढा, प्रश्न तो नसतोच. मग ते हिंदीवर येतात. "अलाइव्ह तो मुझे भी दिखता है. टाकी में कब से है? हॉस्पिटल के जनरल वॉर्ड में भी सब अलाइव्ह होते हैं. उनको फ्रेश बोलेगी तू?"

वेंडी जाळी पुढच्या माशाकडे नेते. आमची इरा, वय वर्षं नऊ, नापास झालेल्या माशाकडे बघून म्हणते, "काका, दॅट्स सो मीन. ही हॅज फीलिंग्ज." काका तिला गंभीरपणे समजावतात की फीलिंग्ज असलेला मासा चवीला चिवट लागतो. इरा मग आठवडाभर मला विचारत राहते की हे सायन्स आहे का.

काका रास अल खोरला एका कोल्ड स्टोरेजचे मॅनेजर आहेत. आठवडाभर गोठलेले वाटाणे आणि गोठलेल्या कोंबड्या सांभाळायच्या, त्यामुळे 'फ्रोझन' हा शब्द ते शिवीसारखा वापरतात. त्यांच्या एका साहेबाचं वर्णन त्यांनी "फ्रोझन माणूस आहे" एवढ्यावर संपवलं होतं, आणि खरं सांगते, तो साहेब मला लगेच दिसला. दुबईत इतकी वर्षं काढूनही काका गाडी चालवत नाहीत. ड्रायव्हिंग टेस्टला इतक्यांदा बसले की शेवटी परीक्षकच त्यांना घरची खुशाली विचारायला लागला. म्हणून शनिवारी दुपारी त्यांना क्रीकवर न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. बदल्यात ते आम्हा तिघांना जेवायला घालतात. माझा नवरा मंदार म्हणतो की आपण त्यांचे मिंधे झालोय. म्हणतो, आणि सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसतो.

टेबलावर काकांचं राज्य असतं. मेनू कार्डाला कुणी हात लावायचा नाही. कुणी काही स्वतः घ्यायचं नाही, वाढणार काका. दिऱ्हमचे रुपये तर मोठ्याने अजिबात करायचे नाहीत. आणि सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे मोदक. पहिल्यांदा आलेलं प्रत्येक मराठी माणूस कोळंबीच्या त्या पांढऱ्या, चुण्या घातलेल्या डिमसमकडे बघतं आणि म्हणतं, "अय्या, उकडीचे मोदकच की!" असं म्हणणाऱ्याच्या पुढ्यात काका दुसरी टोपली सरकवतात. तिच्यात कोंबडीचे पाय असतात. माझ्या पुण्याच्या नणंदेने तर "मी काहीही खाते हं" असं आधीच जाहीर करून मग मोदक म्हटलं. तिच्यापुढे बोटांसकट ते पाय आले तेव्हा तिचा चेहरा असा काही झाला की वहिनी म्हणून मला जे समाधान मिळालं ते इथे लिहीत नाही.

चहाचंही तेच. कुणी आपल्याला चहा ओतला की दोन बोटं टेबलावर टकटक वाजवायची, हे कँटनी रीतीचे आभार. काकांनी ते वेंडीकडून उचललं आणि मग गावभर नेलं. आमच्या बिल्डिंगखालचा मल्याळी चहावाला करक, म्हणजे कडक दुधाळ चहा पुढे ठेवतो, काका टकटक करतात. त्याला वाटतं साहेबांना घाई आहे, तो दुसरा कप भरतो. काका पुन्हा आभार मानतात. एकदा मी खाली गेले तर काकांपुढे कपांची रांग लागली होती आणि दोघंही एकमेकांवर वैतागलेले होते.

आता काकांच्या घरातलं सांगते. त्यांचा एकुलता एक मुलगा निनाद लंडनला असतो. त्याने हाँगकाँगच्या ग्रेस नावाच्या मुलीशी लग्न केलं. सगळं ठरवून झाल्यावर काकांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं. मुलीबद्दल काकांची काही तक्रार नव्हती, पण बापाला कुणी विचारलं नाही म्हणून रुसून बसले आणि लग्नाला गेलेच नाहीत. काकी असत्या तर त्यांनी कान धरून विमानात बसवलं असतं. पण त्या आदल्याच वर्षी गेल्या होत्या. तेव्हापासून निनाद दर रविवारी फोन करतो. मी काही चोरून ऐकत नाही, पण काकांचा फोन स्पीकरवर असतो आणि दार सताड उघडं. "कसे आहात, बाबा?" "फर्स्ट क्लास." "जेवलात?" "फर्स्ट क्लास." "बरं, ठेवतो." खलास. मुलगा कधी आला नाही, बापाने कधी ये म्हटलं नाही. दोघांची नाकं एकाच साच्यातली, त्याला कोण काय करणार.

गेल्या महिन्यात निनादने कळवलं की ग्रेसचे आईवडील लंडनहून परत जाताना एक दिवस दुबईत थांबणार आहेत. काका आमच्याकडे आले, "व्याही येतायत" म्हणाले आणि सोफ्यावर नुसते बसून राहिले. मी पाणी दिलं तर पेला हातात धरून बसले.

"अश्विनी, हे लोक लेकीला माझ्याबद्दल काय सांगतील, त्यावर सगळं आहे बघ," ते म्हणाले. "म्हातारा बरा आहे एवढं जरी म्हणाले, तरी निनाद..."

दुसऱ्याचं वाक्यसुद्धा स्वतः पूर्ण करणारा हा माणूस, त्याने स्वतःचं अर्धं सोडलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

कुठे न्यायचं हा प्रश्नच नव्हता. मंदारने सुचवून पाहिलं की हाँगकाँगच्या माणसांना दुबईत कँटनी जेवण घालणं म्हणजे पुणेकराला लंडनमध्ये नेऊन मिसळ खायला घालण्यासारखं आहे, नावं ठेवतील. काका म्हणाले, "हबीबी, प्रश्न तो नाहीये. तिथला मासा माझ्या माहितीतला आहे."

मग आमच्या घरात तालमी सुरू झाल्या. काकांना चॉपस्टिक येत होत्या, पण व्याह्यांसमोर हात थरथरला तर काय, म्हणून ते भिजवलेले छोले एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचा सराव करायचे. अजून आमच्या सोफ्याखाली छोले सापडतात. मी विहीणबाई व्हायचं आणि इराने दुभाष्या. इराला ते काम फार आवडलं. काका म्हणायचे, "सांग त्यांना, तुमची मुलगी आमच्या घरात आली, आनंद झाला." इरा मला सांगायची, "ही सेज सॉरी फॉर नॉट कमिंग टु द वेडिंग." काका तिच्याकडे बघत राहायचे. तिच्यावर ते एकदाही रागावले नाहीत.

शनिवारी आम्ही लाऊ दांपत्याला त्यांच्या हॉटेलवरून घेतलं. लाऊसाहेब उंच, सडपातळ, बोलायचं म्हणजे मान हलवायची. बाई ठेंगण्या, केस बारीक कापलेले, चष्म्याला साखळी. इंग्रजी दोघांचं जेमतेम. रेस्टॉरंटच्या दारात काकांनी वेंडीकडून पाठ केलेलं स्वागताचं कँटनी वाक्य छातीवर हात ठेवून म्हटलं. बाईंचा चेहरा खुलला आणि त्या भराभरा कँटनीत बोलायला लागल्या. काकांचा साठा त्या एका वाक्यात संपला होता. त्यांनी बाईंना टाकीपुढे नेलं.

तिथे जे झालं त्याला मी साक्षीदार आहे. बाईंनी साखळीचा चष्मा डोळ्यांवर चढवला, वाकल्या, आणि काचेवर टिचकी मारली. एक मासा वळला नाही. बाईंनी तोंड वाकडं करून मान हलवली. काका माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "घराणं चांगलं आहे." मग दोघांनी मिळून एक हमूर मासा निवडला. वेंडीला त्या दिवशी दोन सासवांना तोंड द्यावं लागलं.

जेवायला बसलो. काकांनी सवयीने वाढायला हात पुढे केला, तर बाईंनी त्यांच्या हातातला चमचा अलगद काढून घेतला आणि वाढायला लागल्या. आल्या-कांद्याच्या पातीत वाफवलेल्या त्या माशाच्या गालाचं मांस, जे काका एरवी इराला देतात, ते त्यांनी काकांच्या वाटीत ठेवलं. काकांनी ते खाल्लं. वाटी रिकामी झाली तशी बाईंनी पाठीचा तुकडा घातला. काकांनी तोही संपवला. मग कोळंबी आली, मग भात, मग बदकाची तंगडी. बाई घालतायत, काका संपवतायत. लाऊसाहेबांनी खाणं थांबवून नुसतं बघायला सुरुवात केली. काकांच्या कपाळावर घाम आला, त्यांनी टेबलाखाली पट्टा सैल केला, पण वाटी काही भरलेली राहू देईनात. मला वाटलं, आपल्याकडचं वळण, पानात टाकायचं नाही, त्यापायी हा माणूस आज इथेच आडवा होणार.

मी हात धुवायच्या निमित्ताने उठून वेंडीला गाठलं. तिने सांगितलं की वाटी रिकामी दिसली की वाढणारी समजते माणूस अजून भुकेला आहे. वाटीत थोडं ठेवलं की बाई आपोआप थांबतील. मी परत येऊन काकांच्या कानात मराठीत सांगितलं, "काका, थोडं राहू द्या वाटीत, म्हणजे त्या थांबतील."

"माहितीये मला. तू गप्प बस," काका म्हणाले आणि वाटी पुढे केली.

व्याह्यांना त्यांच्या हॉटेलवर सोडलं. निरोप घेताना बाई काकांचा हात धरून बराच वेळ कँटनीत काहीतरी सांगत राहिल्या, काका "हो, हो" करत राहिले. मंदार आणि इरा तिथूनच मेट्रोने सिनेमाला गेले. मी आणि काका घरी निघालो तर शेख झायद रोडवर गाड्या तुंबलेल्या. काका सीट मागे करून पडले होते. मी तोंडसुख घेतलं. म्हटलं, माहिती होतं तर कशाला स्वतःचे हाल करून घेतलेत, या वयात काही झालं असतं म्हणजे?

"अगं, ती वाढत होती ना," काका खिडकीबाहेर बघत म्हणाले. "ही गेल्यापासून मला कुणी वाढलंच नव्हतं."

मला फार वाईट वाटलं. पुढची गाडी हलली तरी मी हलले नाही, मागून हॉर्न वाजला तेव्हा गिअर टाकला.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. निनाद. रविवार नव्हता. काका ताडकन उठून बसले आणि सवयीप्रमाणे स्पीकर लावला.

"बाबा, काय झालं तिथे? ग्रेसची आई फोनवर रडत होती."

काकांचा चेहरा उतरला. "माझ्याकडून काही चुकलं का रे?"

"ती ग्रेसला म्हणाली, या माणसाला घरी कुणी वाढत नाही. मला विचारलं, तू मुलगा आहेस ना त्यांचा?" मग त्याने विचारलं, "बाबा, तुम्ही घरी नीट जेवता ना?"

काकांनी नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी रस्त्याकडे बघत राहिले.

"नाही रे," ते म्हणाले. "एकट्याला जात नाही."

निनादने विचारलं, "मी येऊ का, बाबा?"

"विचारतोस काय? ये," काका म्हणाले. त्यांचा आवाज नीट येत नव्हता, म्हणून त्यांनी फोन तोंडाशी नेला. "तिला घेऊन ये. आणि हे बघ, विमानात काही खाऊ नका."