नायक बदला

एका जंगलात, फार लांब नाही, ओढ्याच्या पलीकडेच, साळिंदरभाऊ राहत होते. ते गोष्टी लिहीत. अंगावरचा एक काटा उपटायचा, बिब्ब्याच्या रसात बुडवायचा आणि पळसाच्या पानावर लिहायचं. लेखणी शोधावी लागत नव्हती, एवढंच त्यांचं भाग्य.

पोरांनो, त्या जंगलात एक रीत होती. मोहाची फुलं पडायला लागली की सगळे वडाखाली जमत आणि नवी गोष्ट ऐकत. पण आधी ती घुबडशास्त्र्यांना दाखवावी लागे. शास्त्री वडाच्या ढोलीत राहत. ते ढोलीबाहेर फारसे पडत नसत, पण प्रवासाबद्दल त्यांना सगळं ठाऊक होतं.

त्या वर्षी शास्त्री म्हणाले, "नायकाला खडतर प्रवासाला पाठवा. मगरींचा डोह, काटेरी रान, काळा कडा. आणि लक्षात ठेवा, परत येईपर्यंत नायक बदलला पाहिजे."

साळिंदरभाऊ प्रामाणिक होते. मनचं रचून काही लिहीत नसत, घडलेलंच लिहीत. त्यांनी शेजारच्या चिंधा भेकराला गाठलं. भेकर म्हणजे लहानसं हरीण. चिंधाला कुणालाच नाही म्हणता येत नसे.

त्याची बायको ठकू मात्र म्हणाली, "भावजी, माझे दिवस भरत आलेत. पिल्लू होईल तेव्हा हे घरी हवेत."

"तोवर येतोच की तो!"

चिंधा गेला. आठ दिवसांनी आला. शेपटीचं टोक मगरीने नेलं होतं.

"बदललास का?" भाऊंनी लेखणी सरसावून विचारलं.

चिंधाने पुष्कळ विचार केला. "पायातला काटा बदलला, भाऊ. जाताना बाभळीचा होता, आता बोरीचा आहे."

"आणि आतून?"

"आतून भूक लागलीय."

शास्त्र्यांनी पान परत केलं. "प्रवास कमी पडला. पुन्हा पाठवा."

चिंधा पुन्हा गेला. कड्यावरून घसरला, लंगडत आला. दारातूनच त्याने ठकूला विचारलं, "जेवलीस का गं?" तो रोज हेच विचारायचा.

भाऊंनी कपाळावर हात मारला. "तसाच्या तसा!"

शास्त्री तर भडकलेच. "मला काही सांगू नका. नायक बदला! उद्याच निघू दे."

सकाळी भाऊ चिंधाच्या दारात उभे राहिले. ठकू कुशीवर पडून कण्हत होती. चिंधा उठला. लंगडा पाय पुढे टाकून म्हणाला, "चला भाऊ, निघतो." ठकूने तोंड पलीकडे फिरवलं.

भाऊ बघत राहिले. मग म्हणाले, "थांब रे. शास्त्री म्हणालेत, नायक बदला. बदलतो. या खेपेला मी जातो."

"भाऊ, तुम्ही ओढ्यापर्यंत जाताना दमता!"

"हो ना. लिहिताना काही दम लागत नव्हता."

पंधरा दिवसांनी भाऊ परत आले. निम्मे काटे गळाले होते. ते स्वतःच्या घरी गेलेच नाहीत, आधी चिंधाकडे आले. ठकूजवळ एक पिल्लू उड्या मारत होतं.

"जेवलीस का, बाई?" भाऊंनी विचारलं.

बातमी कळली तसे शास्त्री कधी नव्हे ते ढोलीतून उतरले. "वा, वा! बदललात! आवाजसुद्धा बदलला म्हणे! आता बसा लिहायला."

भाऊंच्या हातात लेखणीचा काटा होता. त्या काट्याने ते पिल्लाच्या पायात रुतलेलं कुसळ काढत होते. मान वर न करता ते म्हणाले, "आता लिहावंसं वाटत नाही, शास्त्रीबुवा."

मग गोष्ट शास्त्र्यांनीच लिहिली. ढोलीत बसून, एका दुपारी. फार सुंदर झाली. वडाखाली सगळे रडले. चिंधाही रडला. डोळे पुसत त्याने भाऊंना हळूच विचारलं, "बिचारा! कोण हो हा?"

तात्पर्य : खडतर प्रवासाने जो तो बदलतो, हे अगदी खरं आहे. म्हणून ज्याला पुस्तकं लिहायची आहेत, त्याने घर सोडू नये. मी स्वतः अजून ओढ्याच्या पलीकडे गेलेलो नाही.