सत्तावीस कुंड्या आणि एक गोड लिंबू

झाड ओळखावं तर पुडीवाल्यांनीच! निदान पुडीवाल्यांचं तरी असं ठाम मत होतं, आणि ते कुणी विचारो न विचारो, जिन्यात, दुकानात, दाढी करता करता आरशालासुद्धा ते ऐकवत असत. चौकातलं औषधाचं दुकान त्यांचं. डॉक्टरांनी कागदावर शाईत बुडवलेलं झुरळ चालवलेलं असो, पुडीवाले चष्मा कपाळावर सरकवणार आणि एका नजरेत सांगणार, "खोकल्याचं. दिवसातून तीनदा." तीस वर्षांत एक गोळी इकडची तिकडे झाली नाही!

"ज्याला डॉक्टरांचं अक्षर लागतं, त्याला झाडाचं पान लागणार नाही?" असं म्हणून ते समोरच्याकडे बघत. समोरचा सुट्टे पैसे घेऊन निघून जाई.

नाद होता दुर्मिळ फळझाडांचा. पेरू, पपई असलं काही नाही हं! "पेरू काय, कुणीही लावतो," म्हणायचे. त्यांना हवी होती अशी झाडं, की ज्यांची नावं घेताना जिभेला गाठ पडावी. रामबुतान, मँगोस्टीन, ड्युरियन. कुठून कुठून बिया मागवायचे, औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत ओल्या भुशात रुजवायचे आणि इमारतीच्या गच्चीवर कुंडीत लावायचे. अशा सत्तावीस कुंड्या झाल्या होत्या. प्रत्येक कुंडीवर दुकानातलंच छापील लेबल. त्यावर झाडाचं नाव, तारीख, आणि खाली आधीपासूनच छापलेलं, 'वापरण्यापूर्वी चांगले हलवावे.'

पाच वर्षं झाली. फळ? एक नाही! पानं मात्र अशी तुकतुकीत, की बघणाऱ्याला वाटावं मालक रोज तेल लावून मालिश करतो. (करत होते. पण ते कुणाला माहीत नव्हतं.)

आणि मग वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंच्या छतातून पाणी गळायला लागलं.

बाई साध्यासुध्या नव्हेत. चाळीस वर्षं गणित शिकवलेलं. त्यांनी थेंब मोजले. मिनिटाला अकरा! तो हिशोब घेऊन त्या सेक्रेटरींकडे गेल्या आणि सेक्रेटरी हातात कागद घेऊन पुडीवाल्यांच्या दारात उभे राहिले.

"रविवारपर्यंत गच्ची रिकामी हवी, पुडीवाले. सगळ्या कुंड्या खाली!"

सत्तावीस लेकरं एकदम रस्त्यावर! कुठे ठेवायची? घरात दोन खोल्या, त्यातल्या एकीत बायकोचं शिवणाचं मशीन. पण माणूस बोलण्यात हार जाणारा नव्हे.

"सेक्रेटरीसाहेब, ऐन वेळेला आलात! एका झाडाला नुकतंच पहिल्यांदा फळ धरलंय. अहो, सगळ्या गावात असलं फळ कुणी खाल्लं नसेल! रविवारी समितीनं यावं आणि चाखावं. अलौकिक नाही निघालं, तर मी स्वतः डोक्यावरून कुंड्या उतरवीन!"

"लिहून द्या."

दिलं! सहीसकट दिलं. आतून बायको बघत होती. सेक्रेटरी गेल्यावर ती बाहेर आली. "अहो, लिहून कशाला दिलंत? झाड कुठलं आहे ते तरी माहितीय का तुम्हाला?"

दुखणं नेमकं तिथेच होतं. उन्हानं लेबलावरची शाई उडाली होती. 'वापरण्यापूर्वी चांगले हलवावे' तेवढं ठणठणीत उरलं होतं. झुडूप कमरेएवढं, त्याला लाल, लांबट, करंगळीच्या पेराएवढी फळं. होती सहा, दोन पाखरांनी लांबवली, राहिली चार. पुडीवाल्यांनी फोनवर फळवेड्यांच्या गटात फोटो टाकला. आठ जाणकारांनी नऊ नावं सांगितली! एकानं विचारलं, फुलं पांढरी की पिवळी? पुडीवाल्यांनी फुलं पाहिली होती ती वाळून कुंडीत पडलेली. त्यांनी दिलं ठोकून, "पिवळी!"

"मग ते शेंगदाण्याच्या चवीचं फळ असणार," गटातून उत्तर आलं.

"बघ!" पुडीवाले बायकोला म्हणाले. "झाडाला लागतो आणि शेंगदाण्यासारखा लागतो!"

"आणि त्यासाठी पाच वर्षं?" बायको म्हणाली. "शेंगदाणे खाली वाण्याकडे आहेत. जाताय तर येताना साखरही आणा, डबा रिकामा झालाय."

साखर राहिलीच. पुडीवाले दिवसभर पानांचे फोटो काढत बसले होते.

रविवारी सकाळी दहा वाजता समिती हजर झाली. सेक्रेटरी, मास्तरीणबाई आणि अध्यक्ष म्हणून तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर. पुडीवाल्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. बशीत चार फळं, बाजूला चिमटा. एकेक फळ त्यांनी चिमट्यानं उचलून प्रत्येकाच्या तळहातावर ठेवलं, चौथं स्वतः घेतलं.

"चावून गिळायचं नाही!" त्यांनी बजावलं. "जिभेवर ठेवा. सगळीकडून घोळवा. दोन मिनिटं. मी घड्याळ लावतो."

"हे फळ आहे की गोळी?" डॉक्टरांनी विचारलं.

"बोलू नका, गुण जातो!"

सवय हो, तीस वर्षांची! चौघेही गाल फुगवून, डोळे मिटून खोलीच्या मधोमध बसले. घड्याळ टिकटिक करतंय. बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघतेय. शेवटी गजर झाला. चौघांनी बिया बशीत टाकल्या.

"काय?" पुडीवाले उतावळे झाले. "शेंगदाणा?"

"कुठाय शेंगदाणा?" सेक्रेटरी म्हणाले.

"काहीच चव नाही," डॉक्टर म्हणाले. "ओला कापूस चघळल्यासारखं वाटलं. मी रोज लोकांच्या तोंडात घालतो, आज स्वतः चाखला."

मास्तरीणबाईंनी तर सरळ गुण दिले. "शंभरापैकी चार."

पुडीवाल्यांनाही काही लागलं नव्हतं. त्यांनी बशीतल्या बियांकडे बघितलं आणि त्यांना रडूच यायचं राहिलं. पाच वर्षं! पानापानाला तेल! आणि चव पाण्याची. सेक्रेटरींनी खिशातून तो सहीचा कागद काढला, उघडला, आणि टेबलावर ठेवला.

आता बायकोला राहवेना. नवरा कसाही असो, आपल्या घरात आलेल्या माणसांसमोर असा पडलेला चेहरा बघवतो का? काहीतरी पुढे करावं म्हणून ती सरबत करायला गेली, तर साखर नाही! चार लिंबं तेवढी होती. पिळली, पाणी घातलं, ट्रे बाहेर नेला. मनात म्हणाली, भिडेखातर पितील बिचारे.

सेक्रेटरींनी पहिला घोट घेतला आणि थबकले. दुसरा घेतला. मग गटागटा अख्खा पेला!

"वहिनी!! काय सरबत आहे हो!"

डॉक्टरांचाही पेला रिकामा. मास्तरीणबाई तळाशी राहिलेला थेंब बोटानं काढत होत्या.

बायकोला वाटलं, थट्टा चाललीय. "भाऊजी, साखर नव्हती घरात. माफ करा, पण टोमणे कशाला?"

"साखर नव्हती म्हणजे? कमी आहे?"

"अजिबात नाही!"

सेक्रेटरी उठूनच उभे राहिले. त्यांना साखरेचा आजार. दहा वर्षांत गोड म्हणून काही तोंडात पडलं नव्हतं. "साखर न घालता एवढं गोड? वहिनी, लिंबं कुठली?"

"वरचीच. गच्चीवर कोपऱ्यात रंगाच्या डब्यात झाड आहे ना, माझं. भाजीतल्या लिंबाचं बी टाकलं होतं. हे तर ते उपटायलाच निघाले होते."

मग काय! समिती गच्चीवर पळाली. बाईंचे गुडघे दुखतात असं आम्ही ऐकून होतो, पण त्या सगळ्यांत पुढे होत्या. सेक्रेटरींनी लिंबू तोडून संत्र्यासारखं सोललं आणि फोडी तोंडात टाकल्या. "साखर! नुसती साखर!" डॉक्टरांनी चार लिंबं खाल्ली, एक तर सालीसकट. पुडीवाल्यांनी एक फोड चाखली आणि तेही चाट पडले. खरंच गोड! पाच वर्षं जगभर शोधलं आणि हिरा रंगाच्या डब्यात?

तेवढ्यात बायको धापा टाकत वर आली. तिनं एक फोड तोंडात टाकली आणि तिचं तोंड असं वाकडं झालं, की डॉक्टरांनी सवयीनं खिशात आरसा शोधला.

"आंबटढाण आहे!" ती ओरडली.

"वहिनींना सर्दी झालेली दिसते," सेक्रेटरी हसत म्हणाले.

"पाचांत एकीचं उत्तर चुकलं," मास्तरीणबाई म्हणाल्या.

आणि पुडीवाले? त्यांनी नवरेपणा गुंडाळून ठेवला आणि जाणकारपणा काढला. "अगं, तुझी जीभ तपासून घे! मंडळी, पान बघा, साल बघा. हे अत्यंत दुर्मिळ गोड लिंबू आहे. माझी खात्री आहे!"

बायको तरातरा खाली गेली.

सेक्रेटरींनी तिथल्या तिथे ठराव केला. लिंबू गच्चीवर राहणार, प्रत्येक घराला त्याचं एकेक कलम मिळणार. त्यासाठी जागा हवी, म्हणून बाकीच्या सत्तावीस कुंड्या उद्या संध्याकाळपर्यंत खाली! आणि आज सहा वाजता सगळ्या इमारतीनं गच्चीवर जमावं, गोड लिंबू बघायला. जाताना तिघांनी दोन-दोन लिंबं खिशात घातली.

दुपारी पुडीवाले विजयी वीरासारखे पाटावर बसले, वाटीतल्या लिंबाची फोड उचलली, तोंडात टाकली.

आई गं! कानशिलापर्यंत कळ गेली! डोळे मिटले ते उघडेनात!

दुसरं कापलं. तेच! एवढ्यात फोन वाजला. गटातल्या एका म्हाताऱ्या जाणकारांनी लिहिलं होतं, "फोटो मोठा करून पाहिला. पानाआड कळी दिसते, ती पांढरी आहे. हे शेंगदाणा-फळ नव्हे. हे चमत्कारी फळ. स्वतःला काही चव नाही, पण जिभेवर घोळवलं तर पुढचा तासभर आंबट ते सगळं गोड लागतं. अभिनंदन!"

पुडीवाल्यांनी तो मजकूर तीनदा वाचला. मग हळूच स्वयंपाकघरात गेले.

"अगं."

भांडी नेहमीपेक्षा जोरात आपटत होती.

"सरबत आंबट होतं."

"आता कळलं?" ती वळली. डोळ्यांत पाणी होतं. "चार लोकांत मला खोटं पाडलंत. माझ्या जिभेवर हसलात. मी तुमची अब्रू झाकायला सरबत केलं आणि तुम्ही माझीच घालवलीत!"

पुडीवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सहा वाजता सगळ्यांसमोर सांगतो. तू बरोबर होतीस आणि मी गाढव होतो, असं सांगतो. शिवाय झुडूप अलौकिक आहेच, कुंड्याही वाचतील!"

"गाढव म्हणालच ना?"

"शब्द!"

सहा वाजता गच्ची फुलून गेली होती. लिंबाच्या डब्याभोवती दोरी बांधलेली, पुढे टेबल, टेबलावर ताटलीत लिंबं. पुडीवाले तडक सेक्रेटरींकडे गेले. "साहेब, चूक झाली. लिंबू साधं आहे. जादू त्या लाल फळाची होती, आणि—"

सेक्रेटरींनी त्यांना दंडाला धरून पाण्याच्या टाकीमागे नेलं.

"हळू बोला! आंबट आहे ते मलाही कळलंय. घरी जाऊन जेवताना पिळलं, बायको अजून हसतेय!"

"मग सांगून टाकू."

"काय सांगू? चाळीस घरांना सांगून बसलोय! शेजारच्या इमारतीचे सेक्रेटरी बघायला आलेत, ते बघा, पांढऱ्या टोपीतले. वीस वर्षं माझ्यावर कुरघोडी करतायत! तुमचं ते जादूचं फळ द्या, आत्ता वाटू."

"संपली. चारच होती. आता पुढच्या वर्षी."

टाकीमागे दातांचे डॉक्टर आधीच लपले होते. गालाला रुमाल बांधलेला. "माझे दात," ते कण्हले, "असे आंबलेत की भातसुद्धा चावत नाही! मला खायला सांगू नका!" त्यांच्या मागे मास्तरीणबाई होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "उत्तर फळ्यावर लिहून झालंय. आता पुसायचं कसं?"

सेक्रेटरींनी आवाज आणखी खाली आणला. "पुडीवाले, तुम्ही जाणकार. सगळ्यांसमोर एक लिंबू खा आणि गोड आहे म्हणा. बास! तुमच्या सत्तावीसच्या सत्तावीस कुंड्या राहतील. बाईंच्या छताला उद्याच गवंडी लावतो. नाही तर…" त्यांनी तो सहीचा कागद दाखवला.

टाकीच्या कडेनं पुडीवाल्यांना त्यांचं झुडूप दिसत होतं. तुकतुकीत पानं, आणि खरंच की, एक पांढरी कळी. आणि गर्दीत पहिल्या ओळीत बायको. तिनं चांगली साडी नेसली होती. नवरा सगळ्यांसमोर गाढव होणार, म्हणून ती मुद्दाम लवकर येऊन बसली होती.

पुडीवाले टेबलामागे उभे राहिले. घसा खाकरला. तोंड उघडलं. खरं सांगायचं होतं हो त्यांना, अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं! पण हातानं लिंबू उचललं होतं. त्यांनी फोड तोंडात टाकली. मग दुसरी. मग अख्खं लिंबू. मान ताठ, हात मांडीशी घट्ट, डोळ्यांतून धारा लागलेल्या. टोपीवाले सेक्रेटरी पुढे वाकून निरखत होते.

"कसं आहे?"

"गो—" पुडीवाल्यांचा एक डोळा आपोआप मिटला. "गोड! इतकं गोड, की… पाणी येतं डोळ्यांत!"

टाळ्या पडल्या. त्या सगळ्या गडबडीत फक्त पुडीवाल्यांना दिसलं, की बायको शांतपणे उठली, पदर सावरला, टेबलापाशी आली आणि ताटलीतली लिंबं एकेक करून निवडायला लागली. सगळ्यांत हिरवं, सगळ्यांत कच्चं असं एक तिनं काढलं आणि सगळ्या गच्चीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"एवढं आवडलंय, तर अजून एक द्या यांना!"